रद्दीवाल्याला जरा थांबवा

पुणे,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मृगाच्या आत तुझी पुस्तकं घेऊन जा, नाहीतर रद्दीवाल्याला बोलावतो." मी हो हो म्हटलं खरं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तुमच्याशी भांडता येत नाही, वाद अंगाशी आला की तुम्ही फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र.

तुमचं अगदीच चुकतंय असंही नाही. २००५ च्या पुरात आपल्या चिपळूणच्या घरातल्या कपाटांचे खालचे दोन कप्पे गेले. तेव्हा आपण शहाणे झालो आणि चांगली पुस्तकं वर चढवली. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदी त्या वरच्या कप्प्यांपर्यंत आली. रस्ता सुरू झाल्यावर मी पोचले तेव्हा अंगणात घोटाभर चिखल होता आणि तुम्ही पडवीत खुर्ची टाकून एकेक पुस्तक सोलत होतात. दुसरा शब्द नाही त्याला. दिवाळी अंकांच्या तर विटा झाल्या होत्या, कारण गुळगुळीत कागद एकदा चिकटला की सुटत नाही. आईने वाचण्यासारखी होती ती निवडली, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, वीज आल्यावर पंख्याखाली मांडली आणि शेवटी कुबट वास जावा म्हणून अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. आई, त्यातला शब्दकोश माझ्या टेबलावर आहे. 'क्ष' उघडला की अजून तुझी पावडर नाकात जाते.

तू नेहमी विचारतेस, दिवसभर घरात बसून करतेस काय? तर सकाळी सहाला चहा, मग दहापर्यंत माझं स्वतःचं लेखन. त्यातला निम्मा वेळ खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पापड बघण्यात जातो, हे कबूल. दहानंतर पोटापाण्याचं. सध्या पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. घरभाडं त्यावर निघतं, कथांवर नाही. दिवाळी अंकांचे फोन यायला लागलेत. जुलैअखेर कथा द्यायची, म्हणजे बाहेर धो धो पाऊस आणि मी लिहिणार फराळ आणि पणत्या! एका संपादकांनी गेल्या दिवाळीचं मानधन होळीला पाठवलं, तेही चेकवर नाव चुकवून. दुसऱ्यांचं अजून यायचंय. तरी 'नाही' म्हणवत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून लिहिणारे बहुधा असेच अडकत आले असावेत.

संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर असते. घ्यायचं काही नसतं. घेतलं जातं.

प्रवासाचं म्हणशील तर मार्चमध्ये भिलारला जाऊन आले. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव ते, २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कुठल्या घरात कविता, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. आत जायचं, कपाट उघडायचं, पाहिजे तितका वेळ वाचत बसायचं. पैसे नाहीत, चौकशी नाही. मी एका घराच्या ओटीवर तीन तास बसले. आतल्या काकूंनी दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा थेट पानच वाढलं. त्यांना म्हटलं, तुमच्याकडे तर आमच्या कोकणासारखा पाऊस, पुस्तकं टिकतात कशी? त्या म्हणाल्या, "कापूर ठेवते, कडुलिंबाचा पाला ठेवते. पण खरं सांगू का, ज्याला कुणी हात लावत नाही तेच आधी बुरसटतं."

बाबा, तेव्हापासून तुम्हाला विचारायचं राहून गेलंय. पुरानंतर तुम्ही ते कपाट उघडलंत का हो? गणपतीत आले तेव्हा किल्ली नेहमीच्या खिळ्याला नव्हती. आई म्हणाली, "त्यांनी कुठे ठेवली त्यांनाच ठाऊक." ज्या माणसाने २०१३ ला आपल्या गावात ८६वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा तीन दिवस ग्रंथप्रदर्शनात सतरंज्या उचलल्या, तो आता "पुस्तकं काय करायचीत" म्हणतो, हे मला पटत नाही. आपल्या टिळक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतंच की. १८६४ सालचं वाचनालय ते. त्यांनी चिखल काढला आणि पुन्हा दारं उघडली.

तर माझं म्हणणं असं. मी ६ तारखेला सकाळच्या एसटीने निघते, कुंभार्ली घाट उतरून दुपारी घरी. माझ्या कॉलेजच्या वह्या, गाइडं, भाषांतराची जुनी बाडं खुशाल रद्दीत घाला, मीच बांधून देईन. दुहेरी प्रती आणि प्रवासवर्णनं वाचन मंदिराला विचारून देऊ, त्यांना हवी असतील तर. पण तुम्ही शाईपेनाने ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा केलेले अंक मी कुणाला देणार नाही. पुराने ती लाल शाई फुटून समासात गुलाबी डाग पडलेत. माझी पहिली छापलेली कथा त्यात आहे, आणि तिच्यावर तुम्ही सतरा खुणा केल्यात. त्यातल्या सोळा बरोबर होत्या. सतराव्यावर मी अजून ठाम आहे, आल्यावर बोलू.

आई, वाण्याकडून आठ-दहा रिकामी खोकी आणून ठेव, बिस्किटांची नको, तळ उसवतो त्यांचा. साबणाची चांगली. येताना तुझ्यासाठी मोठ्या अक्षरातली दोन पुस्तकं आणतेय. मोतीबिंदूचं निमित्त सांगू नकोस, डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिलीय हे मला बाबांकडून कळलंय.

आणि बाबा, रद्दीवाल्याला बोलवायचंच असेल तर मी असताना बोलवा. मागच्या वेळी त्याने अकरा किलोचे आठ केले होते.

तुमची,
सुमी

ता. क. कपाटाची किल्ली शोधून ठेवा. नाहीतर मी कुलूप फोडीन.