भिंतीवरची गोधडी

ती. आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, गोधडी शिवायला शिकतेस ते ठीक, पण तिला चित्र का म्हणतेस? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इकडे अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तीन बाजूंनी नदी. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवतात. त्यांतल्या मिझुरी पेटवेनं १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामावरच्या कपड्यांची एक गोधडी केली. त्याची आठवण म्हणून, आणि पांघरायलाही. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहात आहे.

अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्या नीट बघितल्या की कळतं, रंग कुठून येतो ते. गुडघ्यावर विजार विटून पांढुरकी होते. खिसा उसवला की त्याखालचं न विटलेलं कापड गडद निळं निघतं, अगदी खिशाच्या आकाराचं. चित्रकार एका निळ्याच्या दहा छटा कालवतो. इथे त्या उन्हानं, घामानं आणि धुण्यानं कालवलेल्या असतात. त्यातला कुठला तुकडा कुणाशेजारी बसवायचा, हे मात्र शिवणारीच ठरवते. नमुना समोर न ठेवता मनानं शिवलेल्या गोधडीला त्या बायका ‘माय वे’ म्हणतात. सरळ चाललेली पट्टी मध्येच तिरकी होते, आणि तिथेच नजर थांबते. मला तरी ती चूक वाटत नाही, तो निर्णय वाटतो.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं १९७१ मध्ये जुन्या अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर टांगल्या. लोक थक्क झाले. पण बहुतेक गोधड्यांवर शिवणारीचं नावच नव्हतं, आणि हे मला फार लागतं. जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत लागल्या, त्या नावांसकट.

माझी पहिली गोधडी अर्धी झालीय. वरचा थर जोडून झाला, आता अस्तर लावून धावदोरा घालायचाय. दुकानातलं कोरं कापड वापरलं, त्यामुळे सगळे निळे एकसारखे, मुके वाटतात.

म्हणून एक कर. तुझे नि बाबांचे जुने कपडे कुणाला देऊन टाकू नकोस. कोपरावर, गुडघ्यावर विरलेले तर मुद्दाम ठेव. धुऊन ठेवलेस तरी चालतील, पण खिसे उसवू नकोस. ते मी आल्यावर उसवीन.

तुझी,
लेक