बिदियाच्या वाळवंटाविषयी देवरुखला पत्र

मस्कत,
फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. आजीला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार आणि छोट्याला अनेक आशीर्वाद.

मी येथे सुखरूप आहे. पत्रास कारण की, वाळूच्या टेकडीवरचा माझा फोटो दादाने घरात सर्वांना दाखवल्यापासून आई रोज फोनवर एकच प्रश्न विचारते आहे, आणि फोनवर त्याचे उत्तर कधीच पुरे होत नाही. शिवाय आजीला फोनवरचे नीट ऐकू येत नाही. बाबांनी संध्याकाळी ओटीवर बसून पत्र मोठ्याने वाचले, म्हणजे सर्वांना एकदमच सगळे कळेल. माझ्या मैत्रिणीचे यजमान रजेवर रत्नागिरीला येत आहेत, त्यांच्याबरोबर हे पाठवत आहे. हॉस्पिटलातील माझ्या पाळ्या, खोली, स्वयंपाक यांविषयी तुम्हांला सर्व ठाऊकच आहे, त्यात काही बदल नाही.

आई, तू विचारतेस की गणपतीला यायला रजा नव्हती, आजोबांच्या वर्षश्राद्धाला नव्हती, मग वाळवंटात फिरायला कोठून मिळाली. तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी लिहिते. येथे ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. त्या आठवड्यात माझी पाळी अशी आली की दोन्ही दिवस मोकळे मिळाले, त्यासाठी रजेचा एकही दिवस खर्ची पडलेला नाही. दोन दिवसांत मस्कतहून देवरुख गाठून परत येता आले असते, तर मी वाळवंट पाहायला गेलेच नसते, एवढे मात्र तू खरे मान. मी एकटीही नव्हते. इथल्या मराठी मंडळातील दोन कुटुंबे आणि आमच्या वॉर्डातील तिघी जणी अशी आमची सोबत होती, आणि राहण्याची, जेवणाची व वाटाड्याची सोय आधीच ठरवलेली होती.

रस्त्याची काळजी तर मुळीच करू नये. मस्कतहून बिदिया, म्हणजे वाळवंटाच्या कडेचे गाव, २०० किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि डोंगरांतून जाणारा तो महामार्ग इतका रुंद आणि नीट राखलेला आहे की वाटेत थोडा वेळ मला झोपही लागली. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा या संपूर्ण देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता असे येथील लोक आवर्जून सांगतात. भीती बाळगायची ती फक्त उंटांची, कारण ते वाटेल तेथे रस्ता ओलांडतात. ते मोकाट दिसले तरी बेवारस नसतात. प्रत्येक उंटाला मालक असतो आणि अंगावर त्याच्या टोळीची खूण डागलेली असते.

वाळूत गाडी उलटते असे शेजारच्या काकूंनी आईला सांगितले आहे. अननुभवी माणसाने चालवली तर उलटू शकते, हे मी लपवत नाही. परंतु आमचे वाटाडे त्याच वाळूत लहानाचे मोठे झालेले पन्नाशीचे बदू, म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या अरब टोळ्यांपैकी, गृहस्थ होते. बिदियात पोहोचताच त्यांनी आधी चारही चाकांतील हवा निम्म्याने कमी केली. मला ते पाहून नवल वाटले, कारण हवा कमी म्हणजे धोका अशीच आपली समजूत. त्यांनी सांगितले की हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूचा अधिक भाग त्याच्याखाली येतो आणि गाडीचे वजन विभागले जाऊन चाक रुतत नाही. परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा हवा भरून घ्यायची, त्यासाठी गावाच्या कडेला दुकानेच आहेत. ते एकट्या गाडीने कधीही आत शिरत नाहीत. आमच्याही दोन गाड्या एकमेकींना दिसतील अशा अंतराने चालत होत्या, आणि दोन्हींत ओढायचा दोर, फावडे व भरपूर पाणी होते. उतारावर गाडी नाकासमोर सरळ उतरवतात, आडवी कधीही घालत नाहीत, कारण आडवी घातली तर ती कलंडते. पहिल्या उतारावर मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, हे आजीला अवश्य सांगावे. पट्टा मात्र शेवटपर्यंत बांधलेला होता.

बाबा, पुढचे खास तुमच्यासाठी लिहिते. तुम्ही इतकी वर्षे मुलांना भूगोल शिकवलात, म्हणून तेथे उभी असताना तुमची आठवण सर्वांत अधिक आली. तुमच्या जुन्या नकाशात हे वाळवंट वाहिबा सँड्स या नावाने असेल. ते नाव तेथील टोळीवरून पडले होते. आता त्याला शर्किया सँड्स म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे साधारण १२,५०० चौरस किलोमीटर वाळू आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दीडपट! उत्तरेकडील वाळूचे लांबच लांब कणे १०० मीटरपर्यंत उंच आहेत आणि ते सगळे उत्तर-दक्षिण एकमेकांना समांतर धावतात. कारण विचारले तेव्हा कळले की त्यांना घडवणारा वारा नैऋत्येचा आहे, म्हणजे आपलाच मोसमी वारा. जो वारा जूनमध्ये आपल्या कौलांवर पाऊस आणून ओततो, त्याच वाऱ्याने हजारो वर्षे ही वाळू रचली आहे. हिमयुगात समुद्र मागे हटला, तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरची शंखशिंपल्यांची भुकटी त्याच वाऱ्याने आत वाहून आणली. वाटाड्यांनी मूठभर वाळू माझ्या तळहातावर ओतली, तेव्हा तांबूस कणांत पांढरे कण स्पष्ट दिसत होते. तुम्ही शेजारी असता तर तेथून संध्याकाळपर्यंत हलला नसता.

वाळवंट ओसाड असते ही माझी समजूत तेथे पार गेली. १९८६ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेने या वाळूची पाहणी केली, तेव्हा तिच्यात वनस्पतींच्या सुमारे १५० जाती आढळल्या होत्या. वाळवंटाच्या कडेला गाफ नावाच्या झाडांचे चक्क रान आहे. आजीला सांगा, की गाफ म्हणजे आपली शमीच आहे. दसऱ्याला ती जिची पूजा करायला लावते आणि पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली असे सांगते, तीच शमी येथे पावसाशिवाय उभी आहे, कारण तिची मुळे पाण्याच्या शोधात फार खोल जातात. तिची सावली माणसांना, पाला व शेंगा शेळ्या-उंटांना, आणि वाळलेल्या फांद्या चुलीला, असा तिचा उपयोग चालतो. ओली फांदी मात्र कोणी तोडत नाही. मी झाडाला हात लावून आजीच्या वतीने नमस्कार केला. तिच्या मनाला बरे वाटेल.

आता येथील एक रीत सविस्तर सांगते, कारण ती समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. परतीच्या सकाळी वाटाडे आम्हांला त्यांच्या चुलतभावाच्या घरी घेऊन गेले. घर म्हणजे खजुराच्या झावळ्यांची भिंत, वर छप्पर आणि आत गालिचे. घरातील बाई तोंडावर नाक व भुवया झाकणारा ताठ मुखवटा घालून होत्या. त्या भागातील बदू स्त्रियांची ती जुनी पद्धत आहे. चपला बाहेर काढून आम्ही मांडी घालून बसलो, कारण तळपाय दुसऱ्याकडे करून बसणे अपमानाचे समजतात. प्रथम खजूर आले, नंतर कहवा. हा कहवा म्हणजे वेलची घातलेली, दूध नसलेली, साखर नसलेली कडवट कॉफी. त्या कडवटपणासाठीच सोबत खजूर. यजमानांच्या मुलाने डाव्या हातात चोच असलेले पितळी भांडे आणि उजव्या हातात बिनकानाच्या इवल्याशा पेल्या घेतल्या आणि ज्येष्ठ व्यक्तीपासून वाढायला सुरुवात केली. पेलीत तिसरा हिस्सादेखील भरला नाही. मला वाटले, माणसे गरीब आहेत, कॉफी पुरवून वाढत असतील, आणि मी संकोचले. पण गोष्ट अगदी उलटी होती. पेली काठोकाठ भरणे म्हणजे पाहुण्याला ‘हे प्या आणि निघा’ असे सुचवणे. थोडी थोडी वाढली म्हणजे ती गरम राहते, वाढणाऱ्याला पुन्हा पुन्हा पाहुण्यापाशी यावे लागते आणि पाहुणा घटकाभर अधिक बसतो. ती उजव्याच हाताने घ्यायची. रिकामी पेली पुढे केली की मुलगा लगेच पुन्हा ओततो. ‘नको, पुरे’ असे तोंडाने म्हटले तर ते लाजणे समजून आणखी ओततो. पुरे झाले हे सांगायचे असेल, तर पेली बोटांत धरून मनगटाने डावी-उजवीकडे हलकेच हलवायची आणि त्याच्या हातात द्यायची. मला हे कोणी आधी सांगितले नव्हते, त्यामुळे पेल्या येतच राहिल्या. शेवटी यजमानांच्या वृद्ध आईने स्वतःची पेली हलवून मला दाखवले. आपल्याकडे ताटावर हात आडवा धरतात, तसेच हे. या कॉफीच्या रीतीची नोंद युनेस्कोने २०१५ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली आहे, तरी त्या घरात तिचे कोणाला काही विशेष वाटत नव्हते. आई, त्या वृद्ध बाईंनी मला मुलाबाळांविषयी आणि तुम्हां दोघांविषयी विचारले. आई-वडील दूर आहेत हे ऐकल्यावर त्या मान हलवून पुष्कळ वेळ काही बोलल्या. वाटाड्यांनी त्याचा अर्थ एवढाच सांगितला, की त्या तुमच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करतात.

रात्रीचा मुक्काम झावळ्यांच्या खोल्यांत होता. आम्ही तिघी एकाच खोलीत होतो आणि कडी आतून होती. जेवणात भात, डाळ, भाजी, रोटी आणि चण्याची चटणी असे सर्व शाकाहारी मिळाले. स्वयंपाकी केरळचे होते आणि आमचे ताट त्यांनी वेगळे केले. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून लोक हिवाळ्यातच जातात. रात्री तर थंडी चांगलीच होती, आणि आईने विणलेला तपकिरी स्वेटर मी नेला होता. चांदणे फार सुंदर होते. इतके तारे मी लहानपणी आपल्या अंगणात, वीज गेलेल्या रात्रीच पाहिले होते.

बाबा, खर्चाचे तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या मनात असेल. माणशी खर्च विभागला होता, आणि तो मी माझ्या जेवणखाणाच्या रकमेतून काढला. घरी पाठवायच्या पैशांतून एक बैसाही (बैसा म्हणजे येथील पैसा) घेतलेला नाही. या महिन्याची रक्कम तुमच्या खात्यावर नेहमीप्रमाणे जमा केली आहे आणि पडवीसाठी वेगळी रक्कम पुढच्या आठवड्यात पाठवते. वाळवी लागलेले वासे सगळे बदलून घ्या, थोडे राखून पुढच्या वर्षी करू असे करू नका. सुताराला आगाऊ रक्कम देऊन मृगाच्या आधी कौले बसवून घ्या, नाहीतर गेल्या वर्षीसारखी आईला रात्री भांडी मांडत बसावे लागेल. ते ऐकले तेव्हापासून मला पावसाची बातमी वाचवत नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मी भरते आहे, दादावर त्याचा भार टाकू नका. त्याचे आता स्वतःचे घर आहे.

चिपळूणच्या स्थळाविषयी आईने तीनदा विचारले आणि मी तीनदा विषय बदलला, त्याचा तिला राग आला असेल. मी टाळत नाही. पत्रिका जुळते, माणसे चांगली आहेत आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे, हे सर्व मला मान्य आहे. पण माझा येथील करार पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत आहे आणि तो मोडून मी येणार नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगावे. त्यानंतरही त्यांची तयारी असेल, तर मुलाशी मी स्वतः फोनवर बोलेन, आणि त्यानंतरच पुढचे ठरवावे. माझ्या लग्नासाठी म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवत आहात, ते आधी आजीच्या मोतीबिंदूला लावावे. माझे मी जमवते आहे.

आजीच्या शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांकडून नक्की करून मला लगेच कळवा. मे महिन्यातील रजेचे अर्ज आमच्याकडे मार्चअखेर द्यावे लागतात, आणि या वेळी माझा अर्ज सर्वांत आधी जाईल अशी मी परिचारिका-प्रमुखांशी बोलणी करून ठेवली आहेत. तारीख मेमध्ये ठरली तर मी तिच्याजवळ पंधरा दिवस राहीन. एप्रिलमध्ये ठरली तर वहिनींना रजा काढावी लागेल, म्हणून शक्य तो मेचीच घ्या.

तुमची,
बाय