‘लोकलहोस्ट’ म्हणजे खासगी नव्हे

संपादक महोदय,

रिमोट डेस्कटॉप सुरक्षित कसा ठेवावा यावर हल्ली बरेच छापून येते आणि सल्ला ठरलेला असतो: दूरच्या यंत्राचा पडदा दाखवणारा व्हीएनसी सर्व्हर १२७.०.०.१ या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच ‘लोकलहोस्ट’ पत्त्यावर बांधा आणि बाहेरून एसएसएच या सांकेतिक जोडणीच्या बोगद्यातून या. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. यंत्र एकट्याचे असेल तर तेवढे पुरते. पण एकाच लिनक्स सर्व्हरवर दहा-वीस जणांची खाती असतील, तर तो पत्ता त्या सगळ्यांचाच असतो. व्हीएनसीचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ५९०० अधिक डिस्प्लेचा (एकेका आभासी पडद्याचा) क्रमांक असतो. म्हणजे डिस्प्ले १ चालू असेल तर शेजारच्या खात्याला ५९०१ सहज सापडतो. कोणी जोडायचे आणि कोणी नाही, हे टीसीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्क जोडणीचा नेहमीचा पोर्ट, खाते पाहून ठरवत नाही आणि फायरवॉल तर बहुतेक ठिकाणी यंत्राच्या आतली वाहतूक मोकळीच सोडते. उरतो पासवर्ड. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत त्याची पहिली आठच अक्षरे धरली जातात, त्यामुळे वीस अक्षरी पासवर्ड ठेवल्याचे समाधान फुकट आहे.

याला उपाय लोकल सॉकेट, म्हणजेच युनिक्स डोमेन सॉकेट. इथे पोर्टऐवजी एक फाइल असते आणि तिला नेहमीच्या फाइलसारखा मालक आणि परवानग्या असतात. टायगरव्हीएनसी या व्हीएनसी संचातल्या एक्सव्हीएनसी सर्व्हरला ‘आरएफबीयुनिक्सपाथ’ या पर्यायात फाइलचा मार्ग द्यायचा. परवानगी आपोआप ०६०० पडते, म्हणजे मालकाखेरीज कोणी जोडू शकत नाही. मात्र सॉकेट दिले म्हणून टीसीपी बंद झाले असे धरून चालू नका, ते आवृत्तीवर अवलंबून आहे. ‘आरएफबीपोर्ट’ला उणे १ द्या आणि सर्व्हर चालू झाल्यावर उघडे पोर्ट दाखवणाऱ्या ‘एसएस’ कमांडने ५९०१ खरोखर दिसत नाही ना, ते पाहा. ते दिसेनासे होईपर्यंत पासवर्ड काढू नये.

फाइल कुठे ठेवायची, इथे जास्त गडबड होते. ‘/टीएमपी’ हे तात्पुरत्या फायलींचे फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळे, तेव्हा तुमच्या आधी दुसरा कोणी त्याच नावाने सॉकेट मांडून बसू शकतो. ‘/रन/युजर’खालचे आपल्या खात्याचे फोल्डर ०७०० (फक्त मालकाला खुले) असते आणि जागा म्हणून उत्तम. पण शेवटचे लॉगिन संपले की लिनक्सच्या सेवा सांभाळणारी सिस्टिमडी ते फोल्डर पुसून टाकते. सर्व्हर मागे चालू, प्रोसेसच्या यादीत दिसतोय, आणि जोडायला जावे तर फाइलच नाही! ‘लॉगिनसीटीएल’ कमांडने त्या खात्याला ‘लिंगर’ (लॉगिन संपले तरी खाते जागे ठेवणे) लावले की फोल्डर टिकते. नाहीतर होम फोल्डरमध्ये ०७०० चे वेगळे फोल्डर करा. काही जुन्या युनिक्स प्रणाली सॉकेट फाइलच्या परवानगीकडे पाहतच नसत, त्यामुळे फोल्डरलाही कुलूप असलेले बरे. मार्ग फार लांबवू नका. लिनक्सवर त्याला १०८ बाइटची मर्यादा आहे आणि खोल फोल्डरांत ती चटकन संपते.

बाहेरून यायला ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रचलित प्रोग्रॅम) ६.७ किंवा नंतरचे हवे. ऑक्टोबर २०१४ च्या त्या आवृत्तीपासून सॉकेट बोगद्यातून नेता येते. एसएसएच कमांडच्या ‘एल’ स्विचनंतर आपल्याकडचा पोर्ट, कोलन आणि पलीकडच्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहायचा. होम फोल्डरसाठीचे नागमोडी चिन्ह इथे वापरू नये. कोलननंतर आल्यावर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) ते उलगडत नाही आणि पलीकडे त्या नावाची फाइल मिळत नाही. सर्व्हरच्या बाजूला ‘अलाउस्ट्रीमलोकलफॉरवर्डिंग’ मुळात चालूच असते. कोणी बंद केले असेल, तर टीसीपीचे बोगदे चालतात आणि फक्त सॉकेटचा अडतो, आणि माणूस उगाच व्हीएनसीत चूक शोधत बसतो.

आता आपली बाजू. तुम्ही बसलेले यंत्रही सामायिक असेल, तर तिथे उघडलेला पोर्ट म्हणजे सुरुवातीचीच अडचण, फक्त जागा बदलून. म्हणून ‘एल’च्या दोन्ही बाजूंना फाइलचाच मार्ग द्या. टायगरव्हीएनसीचा व्ह्यूअर पत्त्याच्या जागी सॉकेटचा मार्ग सरळ घेतो. एसएसएच मध्येच तुटले तर आपल्याकडची फाइल मागे राहू शकते आणि पुढच्या खेपेला ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार येते. कोणीही तो वापरत नसतो, जुनी फाइल तेवढी पडलेली असते. ‘स्ट्रीमलोकलबाइंडअनलिंक’ मुळात बंद असते, ते चालू केले की एसएसएच ती फाइल आधी हटवते. सोबत ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर’ही लावा, म्हणजे बोगदा न उघडता नुसते लॉगिन होऊन फसगत होणार नाही.

इतके करून डेस्कटॉपच्या आत कोणी ‘एक्सहोस्ट’ कमांडला अधिकचे चिन्ह देऊन ठेवले असेल, तर त्या यंत्रावरचा कोणीही डेस्कटॉपचा पडदा चालवणाऱ्या एक्स सर्व्हरला थेट जोडून पडदा पाहू शकतो, दाबलेल्या कळाही वाचू शकतो. व्हीएनसीचे सॉकेट कितीही बंद असो, त्याने हे अडत नाही. रूट या प्रशासक खात्यालाही या परवानग्या अडवत नाहीत, तेव्हा ज्याच्या हाती यंत्राचा कारभार आहे त्याच्यापासून हे संरक्षण नाही.

तपासणी मात्र दुसऱ्याच खात्यातून करावी. स्वतःच्या खात्यातून सगळे चालतेच. दुसऱ्या खात्यातून व्ह्यूअरला तोच मार्ग दिल्यावर ‘परवानगी नाही’ असे उत्तर यायला हवे. पासवर्डची चौकट उघडली, तर फोल्डर आणि फाइल दोन्हींच्या परवानग्या पुन्हा पाहा.

— एक वाचक