सायूस पत्र

चि. सायू,
अनेक आशीर्वाद.

काल सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस, "ग्रेट ऑर्मच्या डोंगरावर पाय घसरला, घोट्याला बँडेज आहे." तेव्हा मला काहीच सुचलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रागावायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

एकटी गेली होतीस ना?

मे महिन्यात आपण दोघी तुझ्या त्या वेल्समधल्या लँडिड्नो गावभर पायी फिरलो, तो दिवस सारखा समोर येतोय. आधी पिअर, तो समुद्रात शिरलेला धक्का. १८७७ सालचा, २२९५ फूट लांब, वेल्समधला सगळ्यात लांब, असं तू कौतुकानं सांगत होतीस आणि मी फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी बघत तुझा हात घट्ट धरला होता. मग प्रोमेनाड. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला फिकट रंगांची जुनी हॉटेलं, कोयरीसारखी वळत गेलेली. बाकावरच्या त्या आजींनी तुला ओळखलं, हात हातात घेतला, वेल्शमध्ये काही म्हणाल्या, आणि तू "दिओल्ख", म्हणजे धन्यवाद, म्हणालीस. वॉर्डात तू त्यांचं काय केलंस ते मला कळलं नाही, पण त्यांचे डोळे मी पाहिले. घरी आल्यावर माईंना तीनदा सांगितलं.

मग ऑर्मची चढण. २०७ मीटरचा डोंगर, सगळा चुनखडीचा. पाऊस पडला की तो दगड शेवाळल्या पायरीसारखा होतो, हे तुला मी सांगायला हवं का? कड्याकाठच्या त्या काश्मिरी शेळ्या बघून तू म्हणालीस, राणी व्हिक्टोरियाच्या कळपातून त्यांचे पूर्वज इथे आले, आता इथल्याच झाल्या. मी हसले होते. पण त्यांना चार खूर आहेत गं, आणि त्या कळपानं फिरतात. तिथला वारा, ते अचानक उतरणारं धुकं. वेस्ट शोअरला तर समुद्र इतका मागे गेला होता की मला वाळवंटच वाटलं. आजोबा म्हणायचे, भरती समोरून येते असं समजू नका, ती पाठीमागून येते.

झालं, लागले उपदेश करायला. माफ कर. तू तीस वर्षांची आहेस, रात्रपाळ्या करतेस, माणसं वाचवतेस. पण रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत चार वर्षांची तू शिंपल्यांमागे पळत गेलीस, आणि लाल फ्रॉक दिसेपर्यंत मी आणि बाबा दोन दिशांना धावत होतो, ते तुला कुठे आठवणार! त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. आता ते नाहीत, म्हणून दोघांच्या वाट्याची काळजी मीच करते.

वर जायचंच असेल तर ट्राम आहे ना? १९०२ पासून चालतेय. एक डबा वर निघाला की दोरानं बांधलेला दुसरा खाली येतो, ते मला फार आवडलं होतं. कुणाला तरी बरोबर घे. त्या केरळच्या मैत्रिणीला विचार.

कोकमं आणि मेतकूट पाठवलंय. रात्री पाय उशीवर ठेव. आणि एकटी होतीस का, ते अजून सांगितलं नाहीस.

तुझी,
आई