संक्रांतीच्या आधी पोचावं म्हणून

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मायना बरोबर आहे ना बाबा? चुकला असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून ठेवा, मी आल्यावर बघेन.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगता आलं असतं. पण कॉलवर आईचा आवाज बदलला की मी विषय बदलते, आणि तुमच्याकडची रेंज नेमकी तेव्हाच जाते. म्हणून पत्र. मोठ्या टाइपात छापलंय. बाबांनी वाचायचं, आईने ऐकायचं, आणि सुमनकाकूंना वाचायला द्यायचं नाही.

तर, 5 डिसेंबरला हॅना आणि मी लग्न केलं. शिकागोत, जजसमोर, सहा-सात मिनिटांत. आणि डॅलसचं घर आम्ही त्याआधीच, नोव्हेंबरात सोडलं.

आधी का नाही सांगितलं, हे विचारणार तुम्ही. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, हे मला माहीत होतं. तुम्ही नुसते गप्प बसला असता, आणि बाबांचं गप्प बसणं कसं असतं ते मला दहावीच्या निकालापासून पाठ आहे. माझं चुकलंच. पण दोन महिने ती शांतता कानात घेऊन सामान बांधणं माझ्याने झालं नसतं.

आई, नोकरी गेलेली नाही. कंपनी तीच, फक्त ऑफिस शिकागोचं. हॅनालाही इथल्या शाळेत काम मिळालंय. तुझी मोतिया रंगाची इरकल नेसले होते. बाहेर उणे पाच, त्यामुळे आत थर्मल आणि पायात बूट, पण निऱ्या बुटांवरून नीट पडल्या होत्या. पदर हॅनाने लावला, तू मागे व्हिडिओवर दाखवलं होतंस तसा. पिन मात्र माझ्या खांद्यात टोचली.

बाबा, तुम्ही दिवाळीत विचारलं होतंत, "अमेरिकेत कायदा आहे ना? मग घर कशाला बदलायचं?" तेव्हा मी "बघू" म्हणाले. आता उत्तर देते, जरा लांब आहे.

इथे कायद्याचे दोन मजले आहेत. वरचा देशाचा, खालचा राज्याचा. 26 जून 2015ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कुठल्याच राज्यात लग्नाचा परवाना नाकारता येणार नाही. ती केस ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जिम ओबर्गफेल ओहायोचे. त्यांच्या जोडीदाराला एएलएस, म्हणजे हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार झाला होता, अंथरुणावरून उठता येत नव्हतं. ओहायोत लग्न होईना, म्हणून 2013च्या जुलैत रुग्णांना नेणाऱ्या छोट्या विमानातून ते मेरीलँडला गेले. बाल्टिमोरच्या विमानतळावर, विमान उभं असताना, आतच लग्न लागलं, आणि तसेच ते परत आले. भांडण कशासाठी, तर जोडीदार गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यावर "हयात जोडीदार" या रकान्यात आपलं नाव लागावं एवढ्यासाठी. साडेतीन महिन्यांच्या आत तो माणूस गेला.

अप्पांच्या वेळी सही कोणी करायची यावरून रात्री दीड वाजता जे झालं, ते तुम्हाला आठवतंय. मला तर तो कॉरिडॉरही आठवतो. म्हणून हा रकाना माझ्या डोक्यातून जात नाही.

आता टेक्सासचं, म्हणजे डॅलसच्या राज्याचं बघा. तिथल्या राज्यघटनेत 2005 साली चारांतल्या तीन मतदारांनी घालून घेतलेलं कलम आजही आहे, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. कोर्टाच्या निकालामुळे ते झोपलंय, पुसलेलं नाही. 2022 साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या हक्काचा आपलाच जुना निकाल उलटवला, तेव्हा तिथलेच न्यायमूर्ती थॉमस यांनी आमच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. त्यावर घाईने त्याच डिसेंबरात संसदेने कायदा केला. पण त्यात एवढंच आहे, की एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्या राज्याने आणि केंद्राने मानायचं. उद्या निकाल फिरला तर प्रत्येक राज्याने परवाने द्यायलाच हवेत, असं त्यात कुठेही नाही.

इलिनॉयचं, म्हणजे शिकागोच्या राज्याचं, तसं नाही. इथे विधिमंडळाने 2013 साली स्वतःचा कायदा केला, 1 जून 2014पासून तो लागू आहे. वरचा मजला हलला तरी खालचा उभा राहतो. तुम्ही 2019च्या पुरानंतर घराचं जोतं चार फूट वर घेतलंत, तेव्हा गल्लीतले लोक हसले होते ना? मी तुमचीच मुलगी.

आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या आचारसंहितेत एक ओळ घातली, की धर्मश्रद्धेमुळे एखाद्या न्यायाधीशाने लग्न लावायला उघडपणे नकार दिला तर तो आचारसंहितेचा भंग नाही. त्या संध्याकाळी हॅनाने खोकी आणली.

धर्माबद्दल मला काही राग आहे असं समजू नका. हॅनाचे वडील पश्चिम टेक्सासात एका लहान गावातल्या चर्चचे पाद्री आहेत, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्न लावायला ते नाही म्हणाले. पाद्र्याला नाही म्हणायचा हक्क आहेच, टेक्सासने 2015 साली त्यावर वेगळा कायदाही केला. इलिनॉयच्या कायद्याचं तर नावच धर्मस्वातंत्र्य आणि विवाह समानता असं जोडनाव आहे, कुठल्याही धर्मगुरूवर इथे सक्ती नाही. मला हे बरोबर वाटतं. आपल्या गुरुजींना कोणी दंडाला धरून मंगलाष्टकं म्हणायला लावली तर त्या अक्षतांना काय अर्थ? पण सरकारी खुर्चीवर बसलेल्याने माणूस बघून पान वाढायचं, हे मला पटत नाही. बाबा, तुम्ही 31 वर्षं तहसीलच्या टेबलावर होतात. तुमच्यासमोर कोण येऊन उभा राहिला यावरून तुम्ही कधी दाखला अडवलात?

तर ते पाद्री. लग्नाला आले नाहीत. पण डॅलसहून शिकागोपर्यंत सामानाचा ट्रक त्यांनीच चालवला, जवळजवळ दीड हजार किलोमीटर. वाटेत फार बोलले नाहीत. पोचल्यावर सगळ्या खोक्यांवर काय कुठे ठेवायचं ते मार्करने लिहिलं, आईच्या फोटोंच्या खोक्यावर "सावकाश" असं तीनदा लिहिलं, पिठलंभात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी बसने गेले.

आणखी एक, हळूच सांगते. टेक्सासात 2017पासून असा कायदा आहे की सरकारी पैशावर मुलं दत्तक देणारी धार्मिक संस्था आपल्या श्रद्धेचं कारण सांगून एखाद्या जोडप्याला नकार देऊ शकते. आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. आई, लगेच दुपटी शिवायला काढू नकोस.

आपल्याकडचं मला माहीत आहे. 17 ऑक्टोबर 2023ला आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, असा विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. बाबा, तुम्ही त्या रात्री फोन केला होतात. निकालाबद्दल एक शब्द नाही. परतीचा पाऊस किती झाला आणि हळदीचा दर काय चाललाय ते वीस मिनिटं सांगत होतात. मी ऐकत होते. तो फोन मला पुरला. तर सांगलीत आमच्या लग्नाचा कागद चालणार नाही. म्हणून घराच्या कागदांना हात लावू नका, सगळं दादाच्या नावाने आहे तसंच राहू द्या. मला फक्त माळ्यावरची पितळी परात हवी, तीही वहिनीला नको असेल तरच.

नवं घर छोटं आहे पण तुमची खोली खाली आहे, जिना नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, कमोड उंच आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. इंडियन ग्रोसरी पंधरा मिनिटांवर, ज्वारीचं पीठ मिळतं, जरा जुनं असतं. आपण सांगलीहून आणू. खिडकीतून एक मेपल दिसतं, सध्या नुसत्या काड्या आहेत. जूनमध्ये या, जानेवारीत मुळीच नाही. हॅना "बस, जेव, पुरे, अजून घ्या" एवढं मराठी शिकली आहे. आई, तू तिला हंसा म्हणतेस ते तिला फार आवडतं, फक्त काकूंसमोर "तिची मैत्रीण" म्हणतेस ते तिलाही कळतं आता. म्हण, चालेल. घाई नाही. हळदीकुंकवाला बायका विचारतील, तेव्हा "शिकागोला गेली, बरी आहे" एवढं सांगितलंस तरी खोटं होणार नाही.

लहानपणी पूर यायचा तेव्हा बाबा मला खांद्यावर घेऊन आयर्विन पुलावर पाणी दाखवायला न्यायचे आणि मी त्यांचे दोन्ही कान घट्ट धरायचे. परवा जजने "तयार आहात?" विचारलं तेव्हा मला तेच आठवलं आणि मी हॅनाचा हात नको इतका आवळला.

आता कामाचं. बाबा, बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी, "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. साखरेचा तो एचबीएवनसीचा रिपोर्ट पंधरा दिवस मागतेय, फोटो पाठवा. आई, गच्चीवर पापड वाळवायला एकटीने चढायचं नाही. पासपोर्ट मेमध्ये संपतोय दोघांचाही, दादाला या आठवड्यात अर्ज भरायला सांगा. लोणचं कमी. दोघांनीही.

पत्र वाचून झाल्यावर लगेच फोन करू नका. दोन-चार दिवस घ्या. मग करा, पावसाचं नाहीतर हळदीच्या दराचं बोललात तरी चालेल.

तुमची,
छकुली

ता. क. लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे हे आईच्या लक्षात येणारच, म्हणून आधीच सांगते, हलव्याचे दागिने कुरिअरने पाठवू नकोस, दमट होऊन चिकटतात. काळी साडी मी इथे घेतली आहे. हॅनाला साडीत चालता येत नाही, ती काळा स्वेटर घालणार आहे.