रविवारची मीटिंग: डोक्याला मार लागलेली मुलं आणि पुढे दारू

सगळ्या पालकांनो, रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचंय, आई-बाबा दोघंही या प्लीज, दरवेळी फक्त आयाच येतात.

विषय जरा वेगळा आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला १९७७ साली जन्मलेली १२६५ मुलं वर्षानुवर्षं तपासत आलेत, त्यात शाळेत जायच्या आधी डोक्याला मार लागून ॲडमिट झालेल्यांमध्ये चौदा ते सोळाव्या वर्षी दारू, नशेचा त्रास जास्त दिसला. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, उगाच घाबरू नका.

- मुलाला पूर्वी मार लागला असेल तर डिस्चार्जचे कागद आणा
- चार वर्षांवरच्या मुलांना टू-व्हीलरवर हेल्मेट कायद्यानेच लागतं, सायकललाही घालाच
- घरच्या पार्टीत पोरांना 'एक घोट' देणं बंद