तलफ आल्यावर चटई कुठून आणायची?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पानावरचा योगाने सिगरेट सोडण्याचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. योगाला माझा विरोध नाही, माझी सिगरेट सुटण्यात श्वासाचा मोठा वाटा आहे. पण सिगरेट सोडताना तलफ कमी व्हावी म्हणून थोडं थोडं निकोटिन देणारे गम (चघळायचे) आणि पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं, असं जे लेखात ठोकून दिलंय ना, त्याच वाक्याने मी एकदा तोंडघशी पडलोय.

पहिल्यांदा सोडली तेव्हा योगवर्गातले सर हेच म्हणाले आणि मी गम फेकून दिला. तिसरा दिवस, म्हणजे निकोटिन तुटल्याचा त्रास ऐन भरात, झोप नाही, घरच्यांवर चिडचिड, त्यात सरांनी जोरजोरात कपालभाती करायला लावली. घेरी आली, भिंत धरून बसलो. पाचव्या दिवशी पाकीट परत खिशात, आणि पुढची दोन वर्षं सोडायचं नावसुद्धा काढलं नाही. ती दोन वर्षं कोण भरून देणार?

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी गम दिला, तो सारखा चघळायचा नसतो, जरा चावून गालात दाबून ठेवायचा हे मला तेव्हा कुठे कळलं. आणि तलफ आली की ऑफिसच्या जिन्यात उभं राहून चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटं जातात. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावला की झालं. झुरका मारतानाही आपण लांब ओढून सावकाश सोडतच असतो, म्हणून हे शरीराला लगेच पटतं असं मला वाटतं. सकाळची आसनं चांगलीच, पण जेवणानंतर तलफ उठते तेव्हा काय करायचं याची एक ओळ लेखात नाही! ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी श्वास रोखून धरू नये, कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, हेही नाही. सिगरेट सोडायला निघालेल्यांत असे लोक कितीतरी असतात हो.

आणि तो फोटो! पेटलेली सिगरेट, वर चाललेला धूर, अर्धं पान भरून. सोडून सहा वर्षं झाली तरी माझा हात खिशाकडे गेला. ज्याने परवाच सोडलीय त्याने ते पान उघडायचं कसं? पुढच्या वेळी आसनाचा फोटो छापा, कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक जुना वाचक